प्लॅटो राज्य : रेषा कितीदाही आखली तरी 'उपरा' का उरतो?

१/
नायजेरियाच्या मध्यभागी जोस नावाचे शहर आहे. १९९४, २००१ आणि २००८ या तीन वर्षी तेथे दंगली उसळल्या. २००१ च्या हिंसाचारात सुमारे हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज आहे. २००८ मध्येही बळींची संख्या शेकड्यांत होती. जगभरच्या बातम्यांत प्रत्येक वेळी एकच मथळा होता : 'ख्रिस्ती विरुद्ध मुस्लिम'.

२/
पण या तीन घटनांच्या आधी काय घडले होते, ते पाहा. १९९४ : 'जोस नॉर्थ' या स्थानिक शासन क्षेत्राच्या अध्यक्षपदावर लष्करी प्रशासकाने केलेली नेमणूक. २००१ : त्याच क्षेत्रात दारिद्र्यनिर्मूलन योजनेच्या समन्वयकाची नेमणूक. २००८ : त्याच क्षेत्राच्या अध्यक्षपदाची निवडणूक. धर्म या संघर्षात होता, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ठिणगी तिन्ही वेळा एकाच प्रशासकीय चौकटीत पडली, हा योगायोग नव्हे.

३/
या सूत्रात मला एक मत मांडायचे आहे. जोसच्या रक्तपाताचे मूळ 'प्राचीन वांशिक वैरा'त शोधणे हा आळस आहे. ते मूळ गेल्या सव्वाशे वर्षांच्या प्रशासकीय नकाशात आहे. त्यातही, नकाशावरील प्रत्येक चौकोनाला एक 'खरा मालक' असतो या कल्पनेत आहे. ही कल्पना कशी रुजली, हे समजण्यासाठी आधी भूगोल पाहू.

४/
जोसचे पठार हे नायजेरियातील एक नवल आहे. क्षेत्रफळ सुमारे ८,६०० चौरस किलोमीटर. सरासरी उंची बाराशे मीटरांहून अधिक. जोसजवळच्या शेरे टेकड्या तर १,८०० मीटरांपर्यंत चढतात. भोवतालचा सॅव्हाना तापलेला असताना येथे हवा थंड असते. बटाटा पिकतो, 'आचा' नावाचे, आपल्या वरईसारखे बारीक धान्य पिकते. कदुना आणि गोंगोला या नद्या येथेच उगम पावतात, आणि काही प्रवाह ईशान्येकडे वाहत चॅड सरोवराच्या खोऱ्यात जातात.

५/
या पठारावरूनच राज्याला नाव मिळाले : 'प्लॅटो', म्हणजे शब्दशः 'पठार राज्य'. मात्र नावाने फसू नये. तीस हजार चौरस किलोमीटरांहून थोड्या मोठ्या या राज्याचा केवळ उत्तरेकडील भाग उंच आहे. दक्षिणेकडील शेंडाम, लांगतांग, वासे हा प्रदेश बेन्वे नदीच्या खोऱ्याकडे उतरणारा, उष्ण आणि सखल आहे. म्हणजे राज्याचे नाव भूगोलाने दिले असले, तरी त्याची सीमा भूगोलाने आखलेली नाही. ती कचेरीत आखली गेली.

६/
पठाराच्या कड्यांना राजकीय अर्थही होता. १८०४ मध्ये उस्मान दान फोदियो यांच्या जिहादातून सोकोतो खिलाफत उभी राहिली आणि तिच्या अमीराती दक्षिणेकडे पसरल्या. बाउचीची अमीरात पठाराच्या अगदी पायथ्याशी होती. परंतु बेरोम, अनागुता, अफिझेरे, अंगास आदी समाजांनी खडकाळ टेकड्यांचा आश्रय घेऊन स्वातंत्र्य बऱ्याच अंशी टिकवले. गुलामांसाठी होणाऱ्या स्वाऱ्यांची स्मृती या समाजांत खोलवर आहे. ती पुढे पुन्हा पुन्हा जागी होते, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

७/
मग इंग्रज आले, आणि कथील आले. पठारावरील लोक कथील पूर्वीपासून काढत आणि गाळत होते. इंग्रजांनी त्याचा 'शोध' लावला इतकेच. रॉयल नायजर कंपनीची सनद १८९९ च्या अखेरीस संपुष्टात आली. कारभार सरकारकडे गेला. पण भरपाईच्या करारात कंपनीने उत्तरेतील मोठ्या पट्ट्यातल्या खनिजांच्या स्वामित्वशुल्काचा अर्धा वाटा ९९ वर्षांसाठी पदरात पाडून घेतला. जमीन ज्यांची होती, त्यांना या करारात स्थान नव्हते.

८/
कथील वाहून नेण्यासाठी रेल्वे आली. झारियाहून निघालेला अडीच फुटी अरुंद मार्ग १९१४ पर्यंत जोसजवळच्या बुकुरूला पोहोचला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस पोर्ट हारकोर्टकडून येणाऱ्या मुख्य मार्गाची शाखाही जोसला जोडली गेली. रेल्वेबरोबर माणसे आली : उत्तरेकडून हौसा मजूर आणि व्यापारी, आग्नेयेकडून इग्बो, नैऋत्येकडून योरुबा. जोस हे शहर या येण्याजाण्यातून घडले. ज्या शहराचा जन्मच स्थलांतरातून झाला, त्याच शहरात पुढे 'उपरा कोण' हा प्रश्न प्राणघातक ठरला.

९/
खाणींनी पठाराची कातडी सोलली, असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरणार नाही. शेतजमीन गेली आणि पाण्याने भरलेले खड्डे उरले. आज त्याच तळ्यांवर उन्हाळी भाजीपाला पिकतो, ही नंतरची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर ब्रिटनचा कथिलाचा मोठा स्रोत तुटला, तेव्हा १९४२ ते १९४४ या काळात उत्तर नायजेरियातील सुमारे एक लाख शेतकऱ्यांना वेठीने या खाणींवर आणले गेले. या मजुरांत बहुतांश उत्तरेकडचेच होते. त्यांना 'आक्रमक' म्हणायचे की 'पीडित'? प्रशासकीय रकाना असे प्रश्न विचारत नाही.

१०/
याच कथिलामुळे उत्खननातून एक वेगळाच इतिहास बाहेर आला. १९२८ मध्ये जोसच्या नैऋत्येकडील नोक या गावाजवळ खाणकाम करताना मातीचे एक प्राचीन शिल्प सापडले. पुढे बर्नार्ड फॅग यांनी अशा शिल्पांचा अभ्यास केला आणि १९५२ मध्ये जोसला संग्रहालय उभे राहिले. दोन हजार वर्षांहून जुनी ही 'नोक संस्कृती' आज नायजेरियाचा अभिमान आहे. नोक गाव मात्र आज कदुना राज्यात आहे. ती शिल्पे घडवणाऱ्यांचे वंशज कोण, हे आजच्या कोणत्याही राज्याला सांगता येणार नाही. 'आम्ही येथे सर्वांत आधी' या दाव्याची कसोटी इतिहास किती मागेपर्यंत लावू शकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

११/
आता प्रशासनाकडे वळू. उत्तरेत लुगार्ड यांनी 'अप्रत्यक्ष राज्यपद्धती' बसवली : अमीर कायम, वर इंग्रज रेसिडेंट. ज्या समाजांना अमीरच नव्हता, त्यांचे काय, हा प्रश्न पठारावर सतत येत राहिला. १९२६ मध्ये वेगळा प्लॅटो प्रांत करण्यात आला आणि जोस त्याचे मुख्यालय झाले. तोवर हा मुलूख बाउची आणि नासारावा या प्रांतांत विभागलेला होता. कथिलाची अर्थव्यवस्था आणि अमीरातींबाहेरचे लोक या दोन गोष्टी या नव्या प्रांताने एका छत्राखाली आणल्या.

१२/
शहरातील प्रमुखपदाचा प्रश्नही तेव्हाचाच. वसाहतकाळाच्या पूर्वार्धात जोस शहरात हौसा प्रमुख नेमले जात होते. १९४० च्या दशकात 'ग्बोंग ग्वोम जोस' हे बेरोम प्रमुखाचे पद पुढे आले. हौसा म्हणतात, शहर आम्ही वसवले आणि चालवले. आमच्या प्रमुखांची नावे सांगा तर सांगतो. बेरोम म्हणतात, शहर ज्या मातीवर उभे आहे ती आमची. दोघांच्या हाती पुरावा आहे, आणि दोघांचा पुरावा वसाहतीच्या दप्तरातला आहे. इंग्रजांनी एका काळात एकाला मान्यता दिली आणि दुसऱ्या काळात दुसऱ्याला.

१३/
स्वातंत्र्य जवळ आले तेव्हा नायजेरियाचे तीन प्रदेश होते : उत्तर, पूर्व, पश्चिम. प्रत्येकात एक मोठा समाज आणि अनेक लहान. उत्तरेतील अल्पसंख्य समाजांनी 'मिडल बेल्ट' हा वेगळा प्रदेश मागितला; तिव नेते जोसेफ तारका या चळवळीचे अग्रणी होते. १९५७-५८ च्या विलिंक आयोगाने अल्पसंख्यांची भीती खरी मानली, परंतु नवी राज्ये सुचवली नाहीत. घटनेत मूलभूत हक्क लिहिण्याची शिफारस केली. म्हणजे निदान मान्य, शस्त्रक्रिया अमान्य.

१४/
१९६३ मध्ये सार्वमत घेऊन मिड-वेस्ट हा चौथा प्रदेश झाला. ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण नायजेरियात लोकांचे मत घेऊन झालेली ही एकमेव निर्मिती. त्यानंतरचे प्रत्येक राज्य लष्करी राजवटीच्या हुकुमाने जन्मले : १९६७ मध्ये १२, १९७६ मध्ये १९, १९८७ मध्ये २१, १९९१ मध्ये ३०, १९९६ मध्ये ३६. चार प्रदेशांची छत्तीस राज्ये अवघ्या २९ वर्षांत झाली, आणि त्यांतील एकाही सीमेबाबत तेथील माणसाला मतपत्रिका मिळाली नाही.

१५/
पहिला हुकूम २७ मे १९६७ चा. आदल्या वर्षी दोन लष्करी उठाव आणि उत्तरेत इग्बोंचे हत्याकांड झाले होते; पूर्व प्रदेश फुटण्याच्या बेतात होता. याकुबू गोवॉन यांनी चार प्रदेश मोडून बारा राज्ये केली. हेतू दुहेरी होता : उत्तरेचे प्रचंड वर्चस्व तोडणे आणि पूर्वेतील अल्पसंख्यांना इग्बो नेतृत्वापासून वेगळे करणे. तीनच दिवसांनी, ३० मे रोजी, ओजुक्वू यांनी बियाफ्राची घोषणा केली. युद्ध जानेवारी १९७० पर्यंत चालले.

१६/
या बारांपैकी एक होते 'बेन्वे-प्लॅटो', राजधानी जोस. पठारावरचे लहान समाज आणि बेन्वे खोऱ्यातील तिव, इडोमा हे सारे प्रथमच अमीरातींच्या सावलीबाहेर, स्वतःच्या राज्यात आले. या क्षणाचा आनंद खरा होता. त्याला कमी लेखू नये. ज्यांना दीडशे वर्षे कुणाच्या तरी परिघावर उभे राहावे लागले, त्यांना पहिल्यांदा मध्यभाग मिळाला. गोवॉन स्वतः याच पठारावरच्या अंगास समाजाचे.

१७/
पण मध्यभाग मिळाला की नवा परिघ तयार होतो. मोठ्या तिव समाजाचे वजन इतरांना जाचू लागले. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी मुर्तला मुहम्मद यांच्या सरकारने बेन्वे आणि प्लॅटो वेगळे केले. बेन्वेत तिव बहुसंख्य झाले. इडोमा अल्पसंख्य राहिले आणि 'आपा' या वेगळ्या राज्याची मागणी करू लागले. प्लॅटोत सखल भागातील लोकांना पठाराचे वर्चस्व खटकू लागले. १ ऑक्टोबर १९९६ रोजी सानी अबाचा यांनी नासारावा राज्य तोडून दिले, राजधानी लाफिया. तेथेही पुन्हा तोच प्रश्न : येथले मालक कोण?

१८/
२००१ मध्ये नासारावात तिव आणि इतर समाजांत रक्तरंजित संघर्ष झाला, हजारो तिव विस्थापित झाले. त्यांच्यावरचा आक्षेप होता : हे येथले नव्हेत, हे बेन्वेचे. आता मागे वळून पाहा. १९६७ ते १९७६ या काळात हे सारे लोक एकाच राज्याचे नागरिक होते. लोक जागचे हलले नव्हते. रेषा हलली होती. रेषा त्यांच्या डोक्यावरून गेली आणि एका पिढीत भागीदाराचा उपरा झाला.

१९/
हीच प्रक्रिया सूक्ष्म पातळीवर जोसमध्ये घडली. १९९१ मध्ये बाबांगिडा यांच्या राजवटीत जोसचे क्षेत्र विभागून 'जोस नॉर्थ' तयार झाले. शहराचा व्यापारी गाभा त्यात आला, हौसा वस्ती प्रबळ झाली, आणि ग्बोंग ग्वोमचा वाडाही त्यातच राहिला. बेरोम समाजाला हे हौसांना दिलेले नजराण्यासारखे वाटले. हौसांना हा उशिरा मिळालेला न्याय वाटला. दुसऱ्या क्रमांकाच्या पोस्टमधील तिन्ही ठिणग्या याच क्षेत्रातल्या.

२०/
एका स्थानिक क्षेत्रासाठी माणसे जीव का घेतात? येथे 'इंडिजीन' हा शब्द समजून घेतला पाहिजे. नायजेरियात स्थानिक शासन 'इंडिजीन असल्याचा दाखला' देते. हा अधिवासाचा दाखला नव्हे. तुम्ही कोठे जन्मलात, किती वर्षे राहिलात, कर कोठे भरलात, याने तो मिळत नाही. तुमचे पूर्वज त्या भूमीचे मानले गेलेल्या समाजाचे होते का, हा निकष आहे. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, विद्यापीठातील राखीव जागा यांचा मार्ग या कागदावरून जातो. जोसमध्ये तीन पिढ्या राहिलेल्या हौसा कुटुंबाला तो नाकारला जाऊ शकतो. उत्तरेकडच्या शहरांत राहणाऱ्या बेरोम कुटुंबालाही.

२१/
१९९९ ची घटना या बाबतीत स्वतःशीच भांडते. कलम ४२ वंश वा मूळ ठिकाण यांवरून भेदभावाला मनाई करते. कलम १४७ मात्र सांगते, की प्रत्येक राज्यातून किमान एक मंत्री घ्यावा आणि तो त्या राज्याचा 'इंडिजीन' असावा. एखाद्या राज्याचा कोण, याची व्याख्या कलम ३१८ देते : ज्याचे आईवडील वा आजीआजोबा त्या राज्यातील मूळ समाजाचे होते तो. पण 'मूळ समाज' कोणता, हे घटना सांगत नाही. तो निर्णय प्रत्यक्षात स्थानिक कचेरीतील सहीवर येऊन थांबतो. म्हणून त्या कचेरीवर ताबा कुणाचा, हा जीवनमरणाचा प्रश्न होतो.

२२/
यात पैसा मिसळा. देशाचा महसूल दीर्घकाळ मुख्यतः तेलातून येत होता आणि तो केंद्रीय खात्यातून राज्यांना व ७७४ स्थानिक क्षेत्रांना वाटला जातो. राज्यांमधील वाटपाच्या सूत्रात सर्वांत मोठे वजन, ४० टक्के, 'प्रत्येकाला समान' या निकषाला आहे. लोकसंख्येला ३० टक्के. म्हणजे एकाची दोन राज्ये झाली, की समान हिश्श्याचे दोन वाटे मिळतात. नवे राज्य म्हणजे नवी राजधानी, नवे सचिवालय, नव्या नोकऱ्या. २०१४ च्या राष्ट्रीय परिषदेने आणखी १८ राज्ये सुचवली, ती याच तर्काने. भूक भागवण्यासाठी पोळी मोठी करण्याऐवजी तुकडे वाढवण्याचा हा हिशेब आहे.

२३/
या मताला एक गंभीर आक्षेप आहे, आणि तो मी टाळणार नाही. पठारावरील लहान समाज म्हणतात : आमच्या मागे गुलामीच्या स्वाऱ्या आहेत, खाणींत गेलेली जमीन आहे, समोर कोट्यवधींचा हौसा भाषिक समाज आहे. 'वास्तव्यानुसार हक्क' हे तत्त्व संख्येने मोठ्यांना सोयीचे. आमच्या एकमेव राज्यातही आम्ही अल्पसंख्य होऊ. ही भीती काल्पनिक नाही. विलिंक आयोगानेही ती मान्य केली होती.

२४/
माझे उत्तर असे. या भीतीवर उपाय हवाच. पण वंशावर आधारलेला दाखला तो उपाय देत नाही. भाषा, जमीन आणि पारंपरिक पदे यांना संरक्षण देता येते. शाळेतली जागा, शिष्यवृत्ती, नोकरीचा अर्ज यांसाठी मात्र वास्तव्य पुरेसे असले पाहिजे. दोन्ही गोष्टी एकाच कागदाला बांधल्या, की संस्कृतीचे रक्षण आणि शेजाऱ्याची नाकाबंदी यांत फरक राहत नाही. २००४ मध्ये दक्षिण प्लॅटोतील येल्वा येथे कत्तली झाल्या, ओबासांजो यांनी राज्यात आणीबाणी लावून सहा महिने राज्यपाल दूर केले. आणीबाणी उठली, दाखला तसाच राहिला. २००८ ची दंगल त्यानंतरची.

२५/
शेवटी पुन्हा गोवॉन. जन्म पठारावरचा, पण वडील धर्मप्रचारक. कुटुंब झारियाजवळ वुसासा येथे स्थायिक झाले. मुलगा तेथेच वाढला, तेथेच शिकला. ज्या माणसाने बारा राज्यांच्या रेषा ओढल्या, तो स्वतः घरापासून दूर, दुसऱ्यांच्या भूमीवर लहानाचा मोठा झाला होता. पूर्वजांच्या निकषाने पाहिले तर झारियात तो उपराच ठरेल. त्याच्या पिढीने या विसंगतीकडे पाहिले असते, तर रेषांसोबत नागरिकत्वाची व्याख्याही लिहिली असती.

२६/
इतिहासाची आवड असलेल्या आपल्यासारख्यांनी यातून एक सवय घ्यावी, असे वाटते. 'शतकानुशतकांचे वैर' असे वाक्य कुठे वाचले, की आधी तीन गोष्टी शोधाव्यात : ती सीमा कोणत्या वर्षीची, ती कुणाच्या सहीने झाली, आणि तिच्या आत दाखला कोण देतो. जोसच्या बाबतीत उत्तरे शतकांमागची नाहीत. १९२६, १९६७, १९७६, १९९१, १९९६ अशी ती आहेत. यांतल्या शेवटच्या चार तारखा पाहिलेली माणसे आज हयात आहेत. जे इतके अलीकडे घडवले गेले, ते बदलणेही माणसाच्या आवाक्यात आहे.

(समाप्त. मतभेद असल्यास जरूर मांडा. विशेषतः २४ व्या मुद्द्यावर.)